बांधावरचा आस्कंद आणि बाटलीतले तारुण्य

धर्मापुरीला आपण कधी गेला असाल, तर केदारेश्वराचे देऊळ पाहिल्यावाचून परतला नसाल. परळी आणि अंबाजोगाई या दोन तीर्थांच्या शेजारचे हे बीड जिल्ह्यातले गाव. देऊळ चालुक्यकाळातले. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. शतके उलटली, पण त्यांचे वय काही वाढले नाही. दगडाचे बरे असते. माणसाचे तसे नाही. चाळिशी आली की जिना चढताना दम लागतो, पन्नाशीत कंबर बोलू लागते, आणि साठीकडे झुकलेला माणूस आरशापुढे उभा राहून मनाशी म्हणतो, ‘आता पूर्वीचा जोम राहिला नाही.’

देवळाकडून शेतांच्या बाजूला निघावे, तर बांधाच्या कडेला, पडीत जागेत एक कमरेएवढे झुडूप दिसते. पाने मळकट हिरवी, आणि पातळ कागदी पिशवीसारख्या आवरणात दडलेली तांबडी-नारिंगी फळे. हा आस्कंद. कोणी त्याला आसंध म्हणतात, कोणी ढोरगुंज. ओली मुळी उकरून नाकाशी धरली तर घोड्याच्या अंगासारखा वास येतो, म्हणून संस्कृतात हिचे नाव अश्वगंधा. जवळच जमिनीसरपट पसरलेला सराटा असतो. अनवाणी चालणाऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही! त्याचेच नाव गोखरू. कुंपणावर खाजकुयलीचा वेल चढलेला असतो. आपण ज्यांना तण म्हणून उपटून टाकतो, त्याच या वनस्पती आज शहरात चकचकीत बाटल्यांत भरून, पुरुषांचे ओसरते बल परत आणणारे अर्क म्हणून विकल्या जातात.

या बाटलीशी माझी ओळख झाली ती आमच्या मामांमुळे. मामांचे वय अठ्ठावन्न. त्यांचे शेत धर्मापुरीच्या शिवारात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे गेलो, तर देवळीत गंगाजळीशेजारी औषधाची बाटली. विचारले, तर आधी बोलेनात. मामी पाणी आणायला आत गेल्यावर हळूच म्हणाले, “अंगात रामच राहिला नाही बघ, बाबा. दुपारी नांगराच्या तासात उभं राहवत नाही. रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. बाकीचं तुला काय सांगू? बाजारात एक जण म्हणला, ही घ्या, पंचविशीतल्यासारखे व्हाल. सोयाबीनची पट्टी आली होती, त्यातून घेतली.”

“मामा, कुणा डॉक्टरला दाखवलं का?”

“हे काय दाखवायचं असतं का, मास्तर? लोक हसतील.”

वाचकहो, मी इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्य नाही. पण मामांचे हे उत्तर ऐकून मला वाटले की या बाटलीचा इतिहास एकदा नीट पाहावा. तो पाहिला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या ग्रंथांनी औषध सांगण्याआधी एक प्रश्न विचारला आहे. बाटली विकणारा तेवढाच प्रश्न नेमका गाळतो. तो प्रश्न कोणता, हे सांगण्यासाठी हा लेख.

म्हातारपण झाडून टाकावे ही इच्छा फार जुनी. वृद्ध च्यवन ऋषीला अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केले, असा उल्लेख ऋग्वेदातच आहे. च्यवनप्राशाचे नाव त्याच्यावरूनच पडले. आपल्या परळीचा देव वैजनाथ, म्हणजे वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातले अमृत आणि धन्वंतरी दोन्ही या लिंगात दडलेले आहेत, अशी तिथली कथा. आयुर्वेदाने या इच्छेसाठी दोन स्वतंत्र शाखाच मानल्या. शरीर टिकवण्याची ती रसायन, आणि पुरुषाचे बल राखण्याची ती वाजीकरण. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा वाजीकरणाचा आहे. ज्वर, कुष्ठ हे सारे त्यानंतर येतात.

आता या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी चरक काय म्हणतो ते पाहा. पुरुषाचे शुक्र कशाने क्षीण होते, याची कारणे त्याने सांगितली आहेत. वार्धक्य, चिंता, रोग, कष्टाने होणारी झीज, उपास आणि स्त्रीसंगाचा अतिरेक. सहा कारणे, आणि त्यांत वय हे फक्त एक. उरलेली पाच वयाची नाहीत. वाजीकरण सोळा वर्षांच्या आत आणि सत्तरीच्या पुढे करू नये, अशी मर्यादाही त्याने घालून दिली आहे. म्हणजे ‘बल का गेले?’ हा प्रश्न पहिला आणि औषध नंतर.

चरकाच्या मागून काही शतकांनी वाग्भट आला. त्याच्या अष्टांगहृदयाचे शेवटचे दोन अध्याय याच विषयाचे आहेत, एकोणचाळिसावा रसायनाचा आणि चाळिसावा वाजीकरणाचा. वाग्भटाने एक दृष्टांत दिला आहे, तो आपल्याकडच्या कुठल्याही रंगाऱ्याला पटेल. आधी शरीर शुद्ध न करता ही औषधे देणे म्हणजे मळक्या कापडावर रंग चढवणे. रंग वाया, कापडही वाया.

हा ग्रंथ काही दूर काशी-कांचीलाच वाचला जात होता असे समजू नका. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचे राज्य असताना महादेव आणि रामदेवराव या राजांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. वैद्यकावर ‘शतश्लोकी’ रचणारा बोपदेव त्याच्याच आश्रयाचा पंडित. म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या भूमीवर या विद्येचा अभ्यास होत होता, चर्चा होत होती. पुढे निजामी राजवटीत हैद्राबादेत युनानी हकिमीला राजाश्रय मिळाला, आणि आपला आस्कंद युनानी पोथीतही ‘असगंध’ म्हणून आढळतो. वैद्य असो की हकीम, नाडी पाहिल्यावाचून, खाणेपिणे विचारल्यावाचून पुडी बांधणे हे चांगल्या माणसाचे काम नव्हे, असेच दोन्हीकडे मानीत.

आणखी एक गोष्ट. या जुन्या पाककृती वाचल्या, तर वनस्पतीइतकेच त्यांत दूध, तूप, उडीद, साळीचा भात आणि साखर आढळते. ज्याच्या पोटात वर्षभर पुरेसे अन्न गेलेले नाही, कष्टाने जो झिजला आहे, त्याला असा आहार मिळाला तर त्याच्या अंगी बळ येणारच. त्यातले किती मुळीचे आणि किती तुपाचे, हे कोणी वेगळे काढले नव्हते.

आता जरा युरोपकडे वळू. पुरुषाचे बल शरीरात नेमके कोठून येते, हे शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गोऱ्हा बडवला की त्याचा बैल होतो. मान भरत नाही, मस्ती जाते, औताला शांत चालतो. पण हे का होते? 1849 साली जर्मनीत गटिंगेन येथे बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकाने सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकला आणि आरवणे बंद झाले. पण वृषण काढून त्याच्याच पोटात दुसरीकडे बसवला, तेव्हा तुरा पुन्हा लाल झाला आणि कोंबडा आरवू लागला. मज्जातंतू तर तुटलेले होते. मग संदेश गेला कसा? रक्तातून. वृषणातून काही द्रव्य रक्तात मिसळते, असे त्यावरून दिसले.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, 1889 च्या जून महिन्यात, पॅरिसच्या विद्वत्सभेत ब्राऊन-सेकार हा नामांकित शरीरशास्त्रज्ञ उभा राहिला. वय बहात्तर. कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि आपले बल परत आले, असे त्याने सांगितले. जगभर खळबळ उडाली. ठिकठिकाणी तसले अर्क विकले जाऊ लागले. पण आज आपल्याला ठाऊक आहे की ते द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याच्या अर्कात ते नावालाच असणार. मग त्याला बरे का वाटले? कारण त्याला बरे वाटायचे होते. तो लबाड नव्हता. मोठा शास्त्रज्ञही आपल्याच आशेने फसू शकतो, मग बाजारात उभ्या असलेल्या आमच्या मामांचे काय?

ते द्रव्य खरोखर हाती आले ते 1935 साली. आम्स्टरडॅमला लाकर यांच्या प्रयोगशाळेत सुमारे 100 किलो बैलांच्या वृषणांतून जेमतेम 10 मिलिग्रॅम द्रव्य निघाले. त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव मिळाले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. या प्रकारच्या कामासाठी 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना जाहीर झाले. चरकाचे शुक्र आणि हे टेस्टोस्टेरॉन एकच, असे मात्र म्हणू नये. दोन्ही कल्पना वेगळ्या काळातल्या, वेगळ्या शास्त्रांतल्या.

इथे वनस्पती पुन्हा कथेत येतात. 1940 नंतर मेक्सिकोत रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने रानटी कंदांतून, म्हणजे आपल्या करांद्याच्या कुळातल्या कंदांतून, डायोस्जेनिन नावाचे द्रव्य काढले आणि त्यापासून हॉर्मोन बनवून दाखवले. आपल्या मेथीतही डायोस्जेनिन आहे. ‘मेथीच्या अर्कातून शरीरात हॉर्मोन तयार होते’ असे जाहिरातीत म्हणतात, ते या शोधाच्या जोरावर. पण मार्करने जे केले ते काचपात्रांत, रसायनांच्या साहाय्याने, एकेक पायरी चढत. आपल्या पोटात ती सोय नाही. डायोस्जेनिनचे टेस्टोस्टेरॉन करणे माणसाच्या शरीराला जमत नाही. मेथीची भाजी जरूर खावी, पण ती भाजी म्हणून.

मग आस्कंदाचे काय? त्याची कसोटी अलीकडे लागली आहे, आणि ती न्यायाने सांगितली पाहिजे. अशा कसोटीत माणसांचे दोन गट करतात. एकाला खरा अर्क, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळाले हे त्यांना कळू देत नाहीत, म्हणजे ब्राऊन-सेकारसारखी फसगत होत नाही. 2015 साली भारतात 18 ते 50 वर्षांच्या 57 पुरुषांवर असा प्रयोग झाला. सगळ्यांना आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम दिला. मुळीचा अर्क घेणाऱ्यांचे टेस्टोस्टेरॉन रक्ताच्या दर 100 मिलिलिटरमागे सुमारे 96 नॅनोग्रॅमने वाढले, दुसऱ्या गटाचे 18 ने. 2019 साली चाळीस ते सत्तर वर्षांच्या, वजन वाढलेल्या आणि थकवा जाणवणाऱ्या पुरुषांवर ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला. तेथे अर्काच्या काळात टेस्टोस्टेरॉन सुमारे 15 टक्क्यांनी अधिक दिसले. पण थकवा, उत्साह आणि कामजीवन या बाबतींत अर्क आणि खोटी गोळी यांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. म्हणजे कागदावरचा आकडा हलला, माणसाला मात्र तो फारसा जाणवला नाही.

सराट्याची गोष्ट आणखी बोधप्रद. त्याचा अर्क प्रसिद्धीला आला तो बल्गेरियात, 1980 च्या सुमारास. पहिलवान आणि वजन उचलणारे खेळाडू त्याच्यामागे लागले. पण 2005 साली बल्गेरियातल्याच संशोधकांनी 21 तरुणांवर चार आठवडे प्रयोग केला, तेव्हा टेस्टोस्टेरॉन वाढलेले दिसले नाही. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा नावाचे द्रव्य आहे, हे 1937 साली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. हे द्रव्य मेंदूच्या कंपवातासारख्या रोगावर औषध म्हणून वापरतात. तेव्हा ती बी तोंडात टाकण्याचा खाऊ नव्हे, जपून हाताळण्याची वस्तू आहे. आस्कंदही अगदी निरुपद्रवी नाही. त्याने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉईडचे किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल तर त्यात तो ढवळाढवळ करू शकतो. डेन्मार्कने 2023 साली त्याच्यावर बंदीच घातली. आणि आजीने दुधात उकळून दिलेले चिमूटभर चूर्ण वेगळे, कारखान्यात घट्ट केलेला अर्क वेगळा. पोथीची साक्ष चूर्णाला मिळेल, कॅप्सूलला ती आपोआप लागू होत नाही.

वयाबरोबर टेस्टोस्टेरॉन घटते हे खरे आहे. मध्यम वयानंतर ते वर्षाला साधारण एक टक्क्याच्या आसपास उतरते. हा उतार सावकाश असतो. बाईच्या पाळी थांबण्यासारखा तो एकाएकी येत नाही. त्यात किती जण खरोखर आजारी म्हणावेत? युरोपातल्या आठ केंद्रांत चाळीस ते एकोणऐंशी वर्षांच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची तपासणी झाली आणि 2010 साली तिचा निष्कर्ष आला. लक्षणे आणि रक्तातली कमतरता दोन्ही धरून पाहिले, तर वयामुळे खरी उणीव असलेले निघाले शंभरात दोन. बाकीच्यांच्या थकव्याला दुसरीच कारणे होती. वाढलेले पोट, मधुमेह, मोडलेली झोप, जुना आजार, मनावरचे ओझे, दारू. आता चरकाची यादी पुन्हा आठवा. चिंता, रोग, झीज, उपास. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोन्ही शास्त्रे एकाच जागी बोट ठेवतात, हे नवल नव्हे काय?

बाटल्यांच्या या व्यापाराला आपल्या सरकारने फार पूर्वी लगाम घातला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 1954 सालचा औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा कायदा आहे. कामशक्ती टिकवू किंवा वाढवू म्हणून औषधाची जाहिरात करणे त्या कायद्याने गुन्हा आहे. तरी आज मोबाइलवर तसल्या जाहिराती रोज येतात. त्याहून वाईट म्हणजे ‘शुद्ध वनस्पतींचे’ म्हणून विकलेल्या काही गोळ्यांत सिल्डेनाफिल हे 1998 साली बाजारात आलेले तीव्र औषध चोरून मिसळलेले अनेक देशांत पकडले गेले आहे. हृदयाचा रोगी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवत असेल आणि त्याने असली पुडी घेतली, तर त्याचा रक्तदाब एकदम खाली जाऊन जिवावर बेतते.

आता मामांचे सांगतो. त्या दिवशी मी फार वाद घातला नाही. एवढेच म्हणालो, “मामा, बाटली ठेवा बाजूला. उद्या माझ्याबरोबर अंबाजोगाईला चला. लोकांना सांगू, गुडघे दाखवायला गेलो होतो.” मामा हसले आणि आले. रक्त तपासले. साखर भलतीच वाढलेली! रात्री उठणे, तहान, थकवा, आणि जे त्यांना सांगवत नव्हते तेही, या सगळ्यांची मुळे तिथेच होती. बाटली पिण्यात चार महिने गेले होते. ते चार महिने साखर आपले काम मुकाट्याने करीत होती. आज मामा गोळ्या घेतात, भाकरी मोजून खातात, पहाटे बांधावरून फेरी मारतात. पंचविशीतले झालेले नाहीत, पण अठ्ठावन्नाचे ते साठीचे समाधानाने झाले आहेत. बैल विकायचा विचार त्यांनी सोडून दिला आहे.

तेव्हा कुणाला असा थकवा वाटत असेल, तर पहिल्यांदा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब पाहून घ्या. डॉक्टरांना वाटले तर टेस्टोस्टेरॉनही तपासता येते. ती तपासणी सकाळच्या वेळी करतात आणि एकदा कमी आले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहतात, कारण हे द्रव्य दिवसभरात वरखाली होते. खरीच उणीव निघाली, तर तिच्यावर उपचार आहेत, पण ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावेत. ज्याला अजून मूल हवे आहे त्याने तर बाहेरून टेस्टोस्टेरॉन मुळीच घेऊ नये, कारण त्याने शुक्रबीजे घटतात. आयुर्वेदावर विश्वास असेल तर शिकलेल्या वैद्याकडे जा, आणि चालू असलेली सगळी औषधे त्याला दाखवा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पावसाळा सरला की मुलांना एकदा बांधावर न्या. आस्कंद दाखवा, सराटा दाखवा, खाजकुयली लांबून दाखवा! त्यांची नावे, त्यांचे गुण, आणि त्यांच्या नावाने होणारा व्यापार, तिन्ही गोष्टी सांगा. वैद्याकडे जाण्यात लाज नाही, हे मुलाच्या कानावर बाराव्या वर्षी पडले, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला बाटली लपवावी लागणार नाही.

चरकाने रसायनाच्या प्रकरणात मुळ्या-पाल्याशिवाय एक वेगळेच रसायन सांगितले आहे. खरे बोलावे, रागावू नये, दारूपासून दूर राहावे, झोप आणि जागरण बेताचे ठेवावे, दूध-तूप खावे, वडीलधाऱ्यांना मान द्यावा. त्याला आचाररसायन म्हणतात. ते बाटलीत मिळत नाही, आणि सोयाबीनच्या पट्टीतून त्याचे पैसेही द्यावे लागत नाहीत.